पाद्र्यांची युनियन

धर्म गेटच्या बाहेर ठेवायचा, हे मी युनियनमध्ये शिकलेलं पहिलं वाक्य आणि नव्या सभासदांना शिकवलेलंही तेच. आसनगावजवळच्या एका कारखान्यात माझी सगळी उमर गेली. आधी युनियनचा खजिनदार होतो, मग सेक्रेटरी झालो. बावटा लाल. वर्गणी थकली की जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या दारात पावतीपुस्तक घेऊन मी उभा. वडील रेल्वेत गँगमन, १९७४च्या मे महिन्यातल्या संपात होते. घरात देवघर आईचं आणि युनियन वडिलांची, अशी वाटणीच होती. या दोन गोष्टींची कोणी सरमिसळ करायला गेलं की मला पहिला संशय यायचा तो मालकाचा. देवाधर्माच्या नावाने निघालेली युनियन म्हणजे मालकाने मागच्या दाराने आत घेतलेली युनियन. त्यातून ती पाद्र्याने काढलेली असेल, तर बघायलाच नको.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. जुने सहकारी म्हणतात, रिटायर झाल्यावर माणूस मऊ पडतो. तसंही असेल. पण मत गेलं ते मऊ पडल्यामुळे नाही, काही गोष्टी पाहिल्या आणि वाचल्या म्हणून गेलं, आणि त्यातलं थोडं अजून शिल्लकही आहे.

मुळात ते मत हवेतून आलेलं नव्हतं. आमच्या अभ्यासवर्गात १८९१ साल सांगितलं जायचं. त्या वर्षी १५ मे रोजी पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढलं. मजुराला पोटापुरता पगार मिळालाच पाहिजे, नाइलाजाने त्याने कमी पगार कबूल केला म्हणून तो न्याय होत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. कामगारांनी संघ करावेत, असंही आहे. पण त्याच कागदात खाजगी मालमत्ता हा निसर्गदत्त हक्क ठरवलाय आणि समाजवाद्यांना झोडपलंय. वर्ग घेणारे कॉम्रेड पगाराचा भाग भर्रकन उरकायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘युनियनला परवानगी दिली ती लाल बावटा अडवायला.’

ते खोटं सांगत नव्हते. बेल्जियममधल्या गेंट शहरात १८८६ साली कापड गिरण्यांतल्या कॅथलिक कामगारांचा संघ निघाला, त्याच्या नावातच ‘समाजवादविरोधी’ असा शब्द होता. शिकागोच्या हे मार्केटमध्ये आठ तासांसाठी रक्त सांडलं तेच हे वर्ष. एकीकडे ते आणि एकीकडे हे. बाजू कोणती घ्यायची, याला फार विचार लागत नव्हता.

शिवाय आमचा जिल्हा. पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. त्याआधी डहाणू-तलासरीपासून शहापूर-मुरबाडपर्यंत सगळा ठाणे जिल्हाच. १९४५ पासून शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी किसान सभेच्या झेंड्याखाली वारल्यांना वेठीविरुद्ध उभं केलं, ती आमची पंढरी. त्याच मुलखात १९७८ साली कष्टकरी संघटना निघाली आणि ती काढणाऱ्यांत जेझुइट पाद्री होते. लाल बावट्याचे आणि त्यांचे खटके उडाले, मारामाऱ्यांपर्यंत गेले. आमच्या बैठकीत ‘ती पाद्र्यांची’ एवढं म्हटलं की विषय संपायचा. गंमत अशी, की तिकडचे जमीनदारही त्यांना अगदी हेच म्हणत होते. सावकार आणि आपण एकाच माणसाला एकच शिवी देतोय, यात काहीतरी चुकतंय, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं.

आणि ‘धर्म गेटच्या बाहेर’ म्हणजे काय, हेही जरा सांगतो. दसऱ्याला आमच्या खात्यात मशिनची पूजा व्हायची. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. युनियनच्या बोर्डालाही हार. नारळ फोडायचा मान सेक्रेटरीचा, म्हणजे माझा. लाल बावट्याखाली उभं राहून मी तो फोडलाय आणि वर खोबऱ्याचा प्रसादही वाटलाय. त्यात मला कधी धर्म दिसला नाही. आपला धर्म आपल्याला दिसतच नाही, तो रिवाज वाटतो. दुसऱ्याचा तेवढा धर्म असतो. हे फार जुनं दुखणं आहे. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे एक साधा प्रश्न ठेवला होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना घेत नाहीत, कारण बदललेल्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागतो आणि बाकीच्यांना विटाळ होतो. याचं तुम्ही काय करणार? बावटा लाल होता, तरी खात्याच्या दारात कोण उभं होतं ते बघा.

पण हे सगळं शहाणपण नंतरचं. सुरुवात वेगळ्याच ठिकाणी झाली.

आमच्या चाळीतल्या एक वहिनी पहाटेच्या लोकलने डोंबिवलीला घरकामाला जातात. कसारा लाइनला गाड्या मोजक्या; एक चुकली की पहिल्या घरची भांडी तशीच पडतात, आणि बोलणी खावी लागतात ती वेगळी. वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, सगळीकडून अशा बायका चढतात. मी सेक्रेटरी असताना त्या एकदा म्हणाल्या होत्या, ‘भाऊ, सगळ्यांच्या युनियन काढता, आमची पण काढा ना.’ मी हसून म्हणालो होतो, ‘वहिनी, तुमचं गेट कुठाय? गेटमीटिंग घ्यायची कुठे?’ उत्तर मला फार चपखल वाटलं होतं. चार लोकांत सांगितलंही होतं.

पुढे रिटायर झाल्यावर त्या एक फॉर्म भरून घ्यायला आल्या. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा. राज्याने त्यासाठी २००८ साली कायदा केला. नोंदणी असेल तर वयाची ५५ वर्षं झाल्यावर १०,००० रुपये सन्मानधन मिळतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत नोंदणीवाल्यांना १,५०० रुपये जाहीर झाले, ते ज्यांची नोंदणी चालू होती त्यांनाच. वहिनींच्या पिशवीत एका घरकामगार संघटनेचं ओळखपत्र होतं. विचारलं तर म्हणाल्या, कल्याणला बैठक असते, एक सिस्टर येतात. माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो नेमका तोच: ‘धर्म बदला म्हणतात का?’

‘नाही हो भाऊ. पगाराची चिठ्ठी मागा म्हणतात.’

पगाराची चिठ्ठी! कारखान्यातल्या ठेकेदाराच्या पोरांना ती मिळावी म्हणून आम्ही किती वर्षं घासाघीस केली, ते मलाच माहीत.

एकदा त्यांच्याबरोबर कल्याणला गेलो. दुपारची वेळ, कारण सकाळ-संध्याकाळ कामं. खाली सतरंजी. सिस्टर कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या, बोलत होत्या त्या बायकाच. आधी प्रत्येकीने आठवड्यात काय झालं ते सांगायचं. मग ते का झालं. मग काय करायचं. एकाच बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या चारजणी होत्या. प्रत्येकीने आपापला भांड्यांचा रेट सांगितला, तेव्हा कळलं की मजल्यागणिक रेट वेगळा आहे. भांडी तेवढीच. इतके दिवस त्या एकमेकींपासून रेट लपवत होत्या, कारण प्रत्येकीला वाटायचं आपल्यालाच जरा बरा मिळतोय. पुढच्या महिन्यापासून चौघींनी एकच रेट सांगायचा, कमी रेटवर कोणी काम धरायचं नाही, असं ठरलं. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होतो. ही गेटमीटिंगच होती. त्यांचं गेट बिल्डिंगच्या जिन्यात होतं आणि मला ते दिसलं नव्हतं.

मग शोधत गेलो. घरकामगारांचं हे काम देशभर ज्यांनी उभं केलं त्या सिस्टर जीन डिव्होस बेल्जियमच्या. १९६३ साली भारतात आल्या आणि १९८५ मध्ये त्यांनी राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली; पुढे मुंबई हे तिचं मुख्य ठिकाण झालं. पुन्हा बेल्जियम! ज्या देशाच्या ‘समाजवादविरोधी’ संघाचा दाखला आम्हाला अभ्यासवर्गात मिळायचा, तोच देश.

त्या संघाचं पुढे काय झालं, हे अभ्यासवर्गात कोणी सांगितलं नव्हतं. आल्स्ट नावाच्या गावात फादर आडोल्फ डान्स होते. गिरणीतल्या पोरांचे हाल पाहून त्यांनी ख्रिस्ती लोकपक्षात उडी घेतली आणि १८९४ साली कॅथलिक गिरणीमालकांच्या पक्षाविरुद्धच निवडणूक जिंकून संसदेत गेले. चर्चने त्यांना मिस्सा करायला बंदी केली. म्हणजे पाद्री मालकाच्या बाजूचा, हे माझं गणित निम्मं बरोबर होतं: बिशप मालकाच्या बाजूचा होता आणि पाद्री कामगारांच्या. हे भांडण चर्चच्या आतलंच होतं आणि ते कित्येक वर्षं चाललं. १९०४ मध्ये खाणकामगारांचा अभ्यास केलेले डोमिनिकन पंथाचे फादर रुटेन यांनी ख्रिस्ती कामगार संघांचं एक कार्यालय उघडलं, १९१२ पर्यंत त्याचा देशभराचा महासंघ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याने सभासदसंख्येत समाजवाद्यांनाही मागे टाकलं. आज बेल्जियममधली सर्वांत मोठी कामगार संघटना तीच आहे, आणि संपात ती समाजवाद्यांच्या खांद्याला खांदा लावून उतरते.

आणखी एक माणूस मला फार भावला. जोसेफ कार्डाइन, कष्टकऱ्याचा मुलगा. पाद्री व्हायला शाळेत गेला आणि सुट्टीत गावी आला तर कारखान्यात लागलेले त्याचे सवंगडी त्याच्याशी बोलेनात. हा आता त्यांच्यातला राहिला नव्हता. राबून राबून झिजलेले वडील गेले, तेव्हा त्याने आयुष्य कामगारांना द्यायचं ठरवलं. १९२५ साली तरुण कामगारांची संघटना काढली आणि एक पद्धत घालून दिली: पाहा, पारखा, करा. कल्याणच्या सतरंजीवर मी जे ऐकलं ते हेच. आमच्या अभ्यासवर्गात पुस्तक आधी यायचं आणि माणसाचं दुखणं नंतर. हे लिहायला मला जड जातंय, पण तसंच होतं.

तरी माझ्या मनातला लाल खजिनदार सहज ऐकणारा नव्हता. सिस्टर बायकांना रेट वाढवून घ्यायला शिकवतील. पण खरा संप पेटला, सरकार अंगावर आलं, तेव्हा? तेव्हा चर्च कुठे उभं राहतं? याचं उत्तर मला कॅनडात सापडलं.

क्वेबेक प्रांतात १९२१ साली कॅथलिक कामगारांचा महासंघ स्थापन झाला, हल नावाच्या गावी. अगदी आम्ही कल्पना करायचो तसाच: प्रत्येक शाखेला एक धर्मगुरू सल्लागार, संप म्हणजे शेवटचा उपाय, मालकाशी सलोखा हा पहिला धर्म, आणि जो कॅथलिक नाही त्याला सभासदत्वाचे पुरते हक्कही नाहीत. मालक खूष. असं वीसएक वर्षं चाललं. मग कारखाने वाढले, युद्ध झालं, नवी पोरं पुढे आली. १९४३ मध्ये कॅथलिक नसलेल्यांनाही बरोबरीचे हक्क मिळाले. आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खाणींतले सुमारे ५,००० कामगार संपावर गेले. आमच्या चाळींवर सिमेंटचे जे पत्रे आहेत, तसल्या पत्र्यांत जातो तोच हा धागा. मागण्या पगारवाढीच्या होत्याच, पण एक मागणी धुळीची होती: ही धूळ आमच्या फुप्फुसात जाते, ती बंद करा. १९४९ साली ही मागणी! प्रांताचे पंतप्रधान दुप्लेसी कंपन्यांच्या बाजूचे. संप बेकायदा ठरला, पोलीस आले, धरपकड झाली, मारहाण झाली.

आणि १ मे रोजी मॉन्ट्रियलचे आर्चबिशप शार्बोनो व्यासपीठावर उभे राहिले आणि कामगारवर्गाला चिरडण्याचा कट चाललाय, अशा अर्थाचं बोलले. चर्चच्या दारांत संपकऱ्यांसाठी पेट्या फिरल्या. आमच्या संपातही शिधा गोळा करायला आम्ही गावोगाव हिंडलोय. संपाच्या तिसऱ्या महिन्यात तांदळाची एक गोणी काय असते ते संपात बसलेल्यालाच कळतं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला शार्बोनोंना पद सोडावं लागलं. ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हिक्टोरियाला गेले आणि तिथेच राहिले. १९६० साली त्या महासंघाने आपल्या नावातून ‘कॅथलिक’ काढून टाकलं. फ्रान्समध्ये १९१९ साली निघालेल्या ख्रिस्ती महासंघाच्या बहुमतानेही १९६४ मध्ये हेच केलं. जगभरच्या ख्रिस्ती युनियनांची १९२० पासूनची वेगळी जागतिक संघटना तर २००६ साली व्हिएन्नात विसर्जित झाली आणि समाजवादी वळणाच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांबरोबर एका नव्या संघटनेत सामील झाली.

मला यात जे दिसलं ते असं. या युनियन निघाल्या होत्या कामगाराला देवळाच्या सावलीत गप्प बसवायला. पण एकदा का माणसं हप्त्याहप्त्याला एकत्र बसायला लागली, पैसे जमा करायला लागली, आपसात पगार सांगायला लागली, की ती कोणाच्या सावलीत बसली आहेत याने फार दिवस फरक पडत नाही. उलट बदलावं लागतं ते सावली देणाऱ्यालाच. प्रत्येक ठिकाणी तसंच होतं, असं मी म्हणणार नाही. संपाचा निर्णय कोणाच्या हातात, यावर सगळं अडतं. क्वेबेकात धर्मगुरूचा शब्द शेवटचा होता तोवर ती मालकाचीच युनियन होती. तो नुसता सल्ला उरला, तेव्हा ती कामगारांची झाली.

असल्या नजरेने मागे पाहिलं की आपल्याकडचीही माणसं वेगळी दिसायला लागतात. नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक, भटजीला घरात न घेणाऱ्यांतले. पण गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी हवी म्हणून भांडताना त्यांनी सांगितलं की रविवार हा खंडोबाचा वार आहे. १० जून १८९० रोजी सुट्टी मिळाली, पोपच्या परिपत्रकाच्या आधी जवळजवळ वर्षभर. आणि त्या परिपत्रकातही रविवारच्या विश्रांतीची मागणी आहेच. लोखंड्यांना आम्ही आमच्या परंपरेत बसवतो, खंडोबाला मात्र गाळतो. गोदी कामगारांचे पी. डिमेलो मंगळूरचे कॅथलिक. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जॉर्ज फर्नांडिस तर बंगळूरच्या सेमिनरीत पाद्री व्हायला गेलेले. वरच्या टेबलावर पाद्र्यांना चांगलंचुंगलं आणि पोरांना साधं, हा भेद सोसला नाही म्हणून ते तिथून बाहेर पडले, १९४९ मध्ये मुंबईला आले, चौपाटीवर झोपले. १९७४च्या ज्या संपात माझे वडील होते, त्या संपाचे पुढारी हेच. मुंबईत कॅथलिक कामगारांची कमी नव्हती. धोबीतलाव-माझगावच्या गोवेकरांच्या कुडींत, म्हणजे गावागावाच्या क्लबांत, बोटीवर जाणारे खलाशी गावाच्या संताच्या वेदीपुढे रोज रोजारी म्हणायचे आणि नोकरी नसलेल्याला सांभाळून घ्यायचे. पण ही माणसं बंदरात उतरली की सगळ्यांच्या युनियनमध्ये गेली, पाद्र्याच्या वेगळ्या युनियनमध्ये नाही. मला हे आजही जास्त बरं वाटतं.

कष्टकरी संघटनेचंही तसंच. ती काढणाऱ्या पाद्र्यांतले पीटर डिमेलो (गोदीवाले डिमेलो वेगळे) पुढे प्रदीप प्रभू झाले, जेझुइट राहिले नाहीत. जंगलजमिनीवर आदिवासींची वहिवाट होती याला कागद नसेल, तर गावातल्या म्हाताऱ्यांची साक्ष पुरावा धरा, हा मुद्दा त्यांच्या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली मान्य केला. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात ठाकूर-कातकऱ्यांच्या प्लॉटसाठी धावपळ करणाऱ्या कोणालाही विचारा, या गोष्टीचं मोल काय ते. आणि वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांची उचल आणि वेठबिगारी मोडायला इथे उतरली ती १९८२ची श्रमजीवी संघटना, विवेक आणि विद्युल्लता पंडितांची. आमच्या युनियनचा त्या भट्ट्यांकडे जाणारा रस्ता कधी निघालाच नाही. भट्टी आमच्या कारखान्याच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती.

जुने सहकारी मला कोपऱ्यात पकडतात. ‘मग विश्वकर्मा जयंतीला कामगार दिन पाळणाऱ्या भारतीय मजदूर संघालाही हेच माप लावणार का?’ लावावं लागेल. १९५५ साली दत्तोपंत ठेंगडींनी तो काढला आणि आज तो देशातल्या सर्वांत मोठ्या संघटनांत आहे. त्यांच्या राजकारणाशी माझं भांडण होतं आणि आहे. पण विश्वकर्म्याच्या फोटोवरून भांडायचा हक्क दसऱ्याला नारळ फोडणाऱ्याला नाही. त्यांनाही एकच विचारायचं: संप करायचा की नाही, हे खात्यातला माणूस ठरवतो की बाहेरचा? हाच प्रश्न आमच्या युनियनला कोणी विचारला असता तर आम्हालाही जरा घाम फुटला असता. आमचा चार्टर ठरायचा कुठे, ते मला ठाऊक आहे.

शिल्लक राहिलेला संशय हा, की जिथे सभासद होताना धर्म विचारला जातो तिथे मी पाय ठेवणार नाही. कल्याणच्या सतरंजीवर तो कोणी विचारत नाही. तिथे बहुतेक आपल्या आगरी, कुणबी, बौद्ध, ठाकूर बायका, दोन-तीन मुसलमान. पण सिस्टरांचा शब्द तिथे चालतो किती, हे मला बघायचं होतं, म्हणून मी जात राहिलो.

मध्यंतरी त्यांचा सुट्टीचा विषय निघाला. घरकामाला आठवड्याची सुट्टी नसतेच. लोखंड्यांचा रविवार या बायकांपर्यंत अजून आलेला नाही. उलट रविवारी पाहुणे येतात, भांडी दुप्पट. महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या मागायच्या, यावर एकमत झालं. सिस्टरांचं म्हणणं, मागायचाच तर रविवार मागा. नवरा घरी, पोरं घरी, तुम्हीही घरी असाल. त्या बराच वेळ समजावत होत्या, आणि त्यांच्या दृष्टीने रविवार किती मोठा ते मला कळत होतं. वहिनी उठल्या. म्हणाल्या, रविवार मागाल तर मॅडम एक पण देणार नाही, आणि घरी राहून तरी काय, रविवारी आपल्याच घरच्या सगळ्यांना आयतं वाढायचं. मधल्या वारी मागा, सगळे बाहेर गेले की जरा पाय पसरता येतील. खसखस पिकली. हात वर करून मत घेतलं. रविवारच्या बाजूने सिस्टरांचा आणि आणखी एकीचा. मागणीपत्रात बुधवार गेला, आणि तो सिस्टरांनीच आपल्या वहीत उतरवून घेतला.